जुन्या करिझ्माला झेडएमआरचं अंगडं

प्रश्न : काकांची 2006 ची हिरो होंडा करिझ्मा माझ्याकडे आली आहे. इंजिन ठणठणीत, पण समोरचं प्लास्टिक पार तडकलंय. त्या जागी झेडएमआरचं फुल फेअरिंग आणि मागची शेपटी घरच्या घरी बसवता येईल का? मित्र म्हणतो, चार बोल्टचं काम आहे. सोबत रंगही बदलायचा आहे.
– एक वाचक, वलगाव (जि. अमरावती)

उत्तर : मित्राला विचारा, बोल्ट चार खरे, पण ते ज्यात जातील ती भोकं तुमच्या चेसीवर कुठे आहेत? बसवता येईल, पण सगळं नाही. आणि जे बसणार नाही त्याचं कारण बोल्टपेक्षा वऱ्हाडच्या उन्हाळ्यात जास्त आहे.

करिझ्मा 2003 साली आली ती 223 सीसीचं, वाऱ्यावर थंड होणारं इंजिन घेऊन. फेअरिंग अर्धंच, इंजिनच्या पंखांना वारा मोकळा. 2009 ची झेडएमआर दिसायला त्याच घराण्यातली आणि तेवढ्याच सीसीची. पण कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, काट्यांचा मीटर जाऊन डिजिटल आला, मागे डिस्क ब्रेक आला. इंजिन झाकणारं फुल फेअरिंग दिलं तेव्हा कंपनीने सोबत ऑइल कूलरही दिला. पोरं फोटो बघून फेअरिंगवर भाळतात, कूलरकडे कोणी बघत नाही. 1985 च्या सुझुकी जीएसएक्स-आर 750 वरही हेच दिसतं. तिला फुल फेअरिंग होतं, पण पाण्याचा रेडिएटर नव्हता. मग सुझुकीने इंजिन थंड ठेवायला तेलाचीच खास व्यवस्था केली. वारा अडवायचा तर उष्णता काढायला दुसरी वाट द्यावी लागते. तुमच्या गाडीत ती वाट नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. अशा दुपारी अमरावतीच्या सिग्नलवर झाकलेलं इंजिन घेऊन उभे राहिलात की आधी मांड्या भाजतील, मग तेल पातळ होऊन आवाज बदलेल. पावसाळ्यात त्रास वेगळा. शेताच्या रस्त्यावरची काळी माती पुढच्या चाकावरून उडून खालच्या पॅनेलच्या आत भरते, सिलिंडरच्या पंखांत बसते आणि वाळली की विटेसारखी होते. उघड्या इंजिनवर पाण्याचा पाइप मारला की काम झालं. इथे दर वेळी पॅनेल सोडवा. म्हणून माझं मत साफ आहे : वरचं नाक आणि शेपटी बसवा, पोटाखालचे पॅनेल विकत घेऊच नका. गाडी थोडी अर्धवट दिसेल, दिसू द्या.

घेताना एक बघा. 2014 मध्ये झेडएमआरचं रूप पूर्ण बदललं. त्या गाडीचं नाक आणि 2009 च्या गाडीची शेपटी एकमेकांना शोभत नाहीत, आणि दुकानदार दोन्हींना ‘झेडएमआरचंच’ म्हणणार. पुण्याच्या नाना पेठेतून आणा की ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून, जुना माल असेल तर बिल घ्या. चोरीच्या गाडीचे सुटे भाग याच वाटेने फिरतात. पॅनेलचे बोल्ट बसायचे कान मोजून घ्या. तुटके कान एम-सीलने चिकटवलेले असले तर ते महिनाभरात पडतील. एबीएस प्लास्टिकचा तुटका कान जोडायची घरची रीत अशी : त्याच प्लास्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून खीर करायची, फटीत भरायची आणि मागून बारीक जाळी सोल्डरिंगच्या गनने दाबून बसवायची.

आता बसवणं. फेअरिंग धरणारा जुना स्टे काढू नका, त्याच्याच भोकांचा आधार घ्या. नाक हातात धरून दुसऱ्याला लांबून बघायला सांगा, लेव्हल ठरली की पुठ्ठा कापून पट्टीचा साचा करा आणि मगच लोखंडी पट्टी वाकवा. पट्टी क्लॅम्पने आवळा. चेसीवर वेल्डिंग अजिबात नको. प्रत्येक कानात रबरी बुश घाला, नाहीतर करिझ्माची थरथर नवे कानही खाऊन टाकेल. मीटर जुनाच राहू द्या, डिजिटलच्या वायरिंगच्या नादी लागू नका. टाकीही जुनीच ठेवा. झेडएमआरच्या टाकीत इंजेक्शनचा पंप असतो, तुमच्या कार्ब्युरेटरला साधा कॉकच हवा. टाकी आणि शेपटीमध्ये बोटभर फट उरेल, ती रबरी बीडिंगने झाकता येते.

सगळं आवळून झालं की एक तपासणी चुकवू नका. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन सुरू. हँडल डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे टोकापर्यंत वळवा आणि कान देऊन ऐका. वळवताना इंजिनचा आवाज आपोआप चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल फेअरिंगला अडकून ताणली जाते आहे. असली गाडी चिखलदऱ्याच्या घाटात वळणावर स्वतःहून पळते. केबलची वाट बदलल्याशिवाय फाटकाबाहेर काढू नका. ब्रेकचा पाइप, क्लचची केबल, अंगठा आणि फेअरिंगमधली जागाही तेव्हाच बघा. हेडलाइटचा झोत भिंतीवर टाकून खाली आणा. नवं नाक किंचित वर बघत बसलं तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

रंगाचं. आरसी बुकात रंग लिहिलेला असतो, तो बदलायचा तर अमरावतीच्या आरटीओत कळवून नोंद करून घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्यामुळे प्लास्टिक खरेदी करायच्या आधी आरटीओत विचारून या. 2006 ची गाडी म्हणजे 15 वर्षं 2021 मध्येच संपली. काकांनी नूतनीकरण केलं होतं का, आणि गाडी तुमच्या नावावर झाली का, तेही त्याच फेरीत उरका. नूतनीकरण पाच वर्षांचंच असतं आणि प्रत्येक वेळी गाडी तपासणीला उभी करावी लागते. तडकलेलं जुनं फेअरिंग भंगारवाल्याला देऊ नका. पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाका, साहेबांनी मूळ रूपात आणा म्हटलं तर तेच लावून न्यावं लागेल.