हादरा यायच्या आधी : गावचं घर आणि मुंबईची खोली



आपल्या पाटण खोऱ्यात भूकंप हा काही नवा विषय नाही. मांडणीतली भांडी वाजली, पत्रा थरथरला की आपण अंगणात येतो, शेजारणीशी दोन शब्द बोलतो आणि परत कामाला लागतो. सवयच झाली आहे. म्हणून या महिन्याच्या पाठात विषय जुना असला तरी प्रश्न थोडा वेगळा घेतला आहे.

आपल्या गटांतल्या जवळजवळ प्रत्येकीचं कुणी ना कुणी मुंबईत आहे. कुणाचा मुलगा लालबागला गावकीच्या खोलीत राहतो, कुणाचे दीर-जाऊ परळच्या चाळीत, कुणाची लेक गिरगावात किंवा दादरला दिलेली. मोठा हादरा बसला तर त्या खोलीत काय करायचं, हे त्यांच्याशी कुणी बोललं आहे का? आणि त्यांची खुशाली तुम्हाला कोण कळवणार, हे ठरलं आहे का?

आपल्याकडे काय घडलं

११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा मोठा भूकंप झाला. तीव्रता साडेसहाच्या आसपास होती. कोयनानगरातली बहुतेक घरं पडली, दीडशेहून जास्त माणसं गेली. सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या मुंबईलाही तो जाणवला. घरात सासूबाई, आजेसासूबाई असतील तर त्यांना त्या पहाटेबद्दल जरूर विचारा.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट. चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसं दगावली. भूकंपाच्या नकाशात हा भाग तेव्हा पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. नकाशा २००२ मध्ये सुधारला, त्यात पहिला विभाग काढूनच टाकला. त्या नकाशात मुंबई तिसऱ्या विभागात आली आणि आपला कोयनेचा भाग चौथ्या.

२६ जानेवारी २००१. गुजरातमध्ये भुजचा भूकंप झाला. तिथून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेतही इमारती कोसळल्या. त्यात खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर मजले अशा बऱ्याच होत्या.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. कोयना आणि किल्लारी, दोन्ही वेळा लोक झोपेत होते. म्हणजे आपण कुठे झोपतो आणि डोक्यावर काय आहे, याला फार महत्त्व आहे. दुसरी गोष्ट, जमीन हलल्यामुळे माणूस सहसा मरत नाही. घर अंगावर पडून मरतो. किल्लारीच्या घरांना गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती होत्या आणि वर मातीचं जड माळवद. पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडायची. हादऱ्याने भिंत फुगून फुटली आणि सगळं वजन खाली झोपलेल्यांवर आलं.

भूकंप कधी येणार हे आजवर कुणालाच आधी सांगता आलेलं नाही. अमुक दिवशी, अमुक वाजता भूकंप येणार असा मेसेज मोबाईलवर आला तर तो पुढे पाठवू नका.

मुंबईची खोली कशी असते

समाजकार्याचं शिक्षण घेताना माझं क्षेत्रकार्य लालबाग-परळच्या चाळींत होतं. तिथं खोली म्हणजे साधारण दहा बाय बारा. वर पोटमाळा, त्यावर ट्रंका, गाद्या, गणपतीचं मखर. गावकीच्या खोलीत तर माणसागणिक एक ट्रंक. बाहेर लाकडी गॅलरी, तिथं पाण्याची पिंपं. सगळ्या मजल्याला मिळून एक किंवा दोन जिने. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीत मुरलेलं.

यातल्या बऱ्याच चाळी शंभरीच्या आसपासच्या आहेत. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या भाड्याच्या अनेक इमारतींना ‘उपकरप्राप्त’ म्हणतात. त्यांच्या दुरुस्तीचं काम म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असतं. हे मंडळ दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं.

अशा इमारतीला पडायला भूकंपच लागतो असं नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारची हुसैनी इमारत कोसळली, त्यात तीसहून जास्त माणसं गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत इमारत पडली. दोन्ही वेळा जमीन हललेली नव्हती. मग मोठा हादरा बसला तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

तरी लोक खोली सोडत नाहीत. याला आपण गावाकडून ‘हट्ट’ म्हणतो. पण पागडीची खोली सोडली की हक्क जाईल ही भीती त्यामागे असते. संक्रमण शिबिर लांब मिळालं तर कामाची जागा, मुलांची शाळा सगळंच लांब पडतं. ही भीती खोटी नाही. म्हणूनच कागद आधी जमवायचे. भाडेपावत्या, रेशनकार्ड, वीजबिल, मिळालेल्या नोटिशीची प्रत आणि खोलीच्या क्षेत्रफळाची लेखी नोंद जवळ असेल, तर नोटीस आल्यावर घराबाहेर पडायला बळ येतं. भाडेपावती कुणाच्या नावावर आहे तेही बघा. सासरे वारले, नवरा वारला आणि पावती अजून त्यांच्याच नावावर, असं पुष्कळ घरांत आहे. बाईचं नाव कागदावर नसेल तर अडचणीच्या वेळी तिलाच हेलपाटे पडतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. यादीत नाव आलेल्या इमारतीत हादऱ्याच्या वेळी काय करायचं याला फारसं चांगलं उत्तर नाही. तिथली खरी तयारी म्हणजे आधीच बाहेर पडणं.

हादरा बसला तर

मुंबईच्या माणसांना हे सांगा :

१. जिन्याकडे धावू नका. हादरा बहुधा काही सेकंदांचाच असतो, तेवढ्यात तीन मजले उतरून होत नाहीत. जिन्यावर चेंगराचेंगरी होते. जुन्या चाळीत जिना आणि गॅलरी हेच कमजोर भाग असतात. टॉवरमध्ये असाल तर लिफ्ट वापरू नका, काचेपासून लांब राहा.

२. खाली बसा, डोकं झाका, धरून राहा. मजबूत टेबल असेल तर त्याखाली. नसेल तर कपाट, पोटमाळा आणि खिडकी यांपासून दूर, आतल्या भिंतीलगत गुडघ्यांवर बसा. उशी किंवा दोन्ही हात डोक्यावर घ्या.

३. हादरा थांबला की चप्पल घाला, गॅसचा रेग्युलेटर बंद करा. काडी पेटवू नका. गॅसचा वास येत असेल तर दिव्याच्या बटणालाही हात लावू नका.

४. मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना हाक द्या, आणि सगळे मिळून मोकळ्या जागेत जा. मोठ्या हादऱ्यामागून लहान हादरे येतात. तडा गेलेल्या इमारतीत सामान आणायला परत शिरू नका.

गावच्या घरात मात्र थोडा फरक आहे. दगडमातीचं, जड छपराचं घर असेल, दार दोन पावलांवर असेल आणि समोर मोकळं अंगण असेल, तर लगेच बाहेर पडा. भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब उभ्या राहा.

आधी करायची कामं

झोपायची जागा आजच बदला. डोक्यावर फळी, हंडे, ट्रंक, देव्हाऱ्याची काच नको. कपाट भिंतीला पट्टीने पक्कं करा. उशाशी टॉर्च आणि चप्पल ठेवा.

कागदांची एक पिशवी करा. आधार, रेशनकार्ड, बँक आणि गटाचं पासबुक, घराचा उतारा यांच्या प्रती, चालू औषधं आणि थोडे रोख पैसे त्यात ठेवा. एक संच गावी, एक मुंबईत.

नवीन घर बांधत असाल, तर गवंड्याला विचारा : जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा घालणार ना? दगडी भिंतीत मधेमधे आरपार जाणारे लांब दगड ठेवणार ना? घरकुलाचा हप्ता आपल्या नावावर येतो, मग विचारायला संकोच कशाचा?

विमा बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. वय १८ ते ७० हवं. भूकंपासारख्या आपत्तीत झालेला मृत्यूही त्यात धरला जातो. मुंबईतल्या मुलाच्या खात्यातून हे वीस रुपये कापले जातात का, हे त्याला विचारा.

खुशालीचा नंबर

मोठ्या आपत्तीत शहरातले फोन लागत नाहीत, कारण सगळे एकाच वेळी लावतात. त्या वेळी बाहेरगावचा एकच नंबर ठरलेला असला तर काम सोपं होतं. लालबागच्या भावाने परळच्या बहिणीला दहा वेळा फोन करायचा नाही. दोघांनी गावी एकाच नंबरवर छोटा मेसेज टाकायचा : ‘ठीक आहे, अमुक ठिकाणी आहे.’ तो नंबर तुमचा असू द्या. मुंबईची माणसं एकमेकांना तुमच्यामार्फत सापडतील.

बायका हे काम करू शकतात का, अशी शंका नको. किल्लारीनंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेने त्यांना जोडून घेतलं. बायकांनी घरोघरी जाऊन भूकंपात टिकणारं बांधकाम समजावलं. पुढे भुजच्या भूकंपानंतर त्यांच्यातल्या काही जणी कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगितला.

पुढच्या बैठकीत करा

१. प्रत्येकीने मुंबईतल्या आपल्या माणसांची नावं, खोलीचा पूर्ण पत्ता, मजला आणि फोन नंबर वहीत लिहावा. वहीची एक प्रत ग्रामसंघाकडे द्यावी.

२. इमारत किती जुनी, यादीत आहे का, नोटीस आली आहे का, एवढे तीन प्रश्न फोनवर विचारावेत.

३. आपत्तीच्या वेळी ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून मदत कशी मिळेल, याची सीआरपी ताईंसोबत चर्चा करावी.

४. हे नंबर भिंतीवर लिहावेत : मुंबई महापालिकेचा आपत्ती कक्ष १९१६, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२.

यात्रेला किंवा गणपतीला मुंबईकर गावी आले की जेवणं झाल्यावर अर्धा तास त्यांच्यासोबत बसा. झोपायची जागा, कागद, खुशालीचा नंबर, एवढ्या तीनच गोष्टी बोला. काय ठरलं ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात मी बैठकीला येईन तेव्हा ती वही आपण मिळून वाचू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक