माहितीचे पुस्तक कसे वाचावे?

गोष्ट वाचताना मन तिच्या ओघाबरोबर वाहत जाते. माहितीचे पुस्तक मात्र थांबत, विचार करीत वाचावयाचे असते.

भंडारा जिल्ह्यात करडी नावाचे गाव आहे. समजा, तेथील एका मुलाला आपल्या जिल्ह्यावर निबंध लिहावयाचा आहे. त्याने तीन पुस्तके मिळविली. पहिल्यात भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात असल्याचे लिहिले होते. दुसऱ्यात तो महाराष्ट्रात असून गोंदिया व नवेगावबांध ही त्यातीलच गावे होती. तिसऱ्यात गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा होता. मुलगा गोंधळला. पहिली दोन्ही पुस्तके खोटी समजून तो ती बाजूला सारणार, इतक्यात त्याची दृष्टी प्रकाशनाच्या वर्षाकडे गेली आणि कोडे सुटले.

हा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता. त्या वर्षी तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. पुस्तके खोटी नव्हती. प्रत्येकाने आपापल्या काळाचे सत्य सांगितले होते.

पुढे ‘मामा तलाव’ हे शब्द आले. हा तलाव कोणाच्या मामाचा, असे त्याला वाटले. परंतु तर्कावर न विसंबता त्याने पुढील ओळी वाचल्या. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे म्हणजे ‘मामा’! मालगुजार हा गावाचा सारा वसूल करून सरकारात भरीत असे. १९५१ मध्ये ती पद्धत संपली; तलावांना नाव मात्र चिकटून राहिले.

‘या तलावांच्या पाण्यावर धान पिकते’ हे विधान पडताळून पाहता येते. म्हणून ते माहिती होय. ‘याहून सुंदर जिल्हा दुसरा नाही’ हे लेखकाचे मत होय. मताचा आदर करावा, पण त्याला माहिती समजू नये.

शेवटी मुलाने पुस्तके मिटली आणि वाचलेले आपल्या शब्दांत लिहून काढले. जेथे लेखणी अडली, तेवढाच भाग त्याने पुन्हा वाचला. छापलेले सारे डोळे मिटून स्वीकारणे हे वाचन नव्हे, आणि न समजलेले खोटे ठरविणे हेही नव्हे.

स्वाध्याय
१. तीन पुस्तकांतील माहिती निरनिराळी का होती?
२. माहिती व मत यांतील भेद एकेक उदाहरण देऊन सांगा.
३. आपल्या गावाविषयीचा एखादा जुना मजकूर मिळवा. त्यातील कोणती माहिती आज बदलली आहे, ते लिहा.