शेतात चुन्याच्या रेघा दिसल्या की

पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या शेतात एक दिवस चुन्याच्या रेघा दिसतात. मग मुरमाच्या गाड्या येतात, कमान उभी राहते आणि शेकडो घरांच्या वसाहतीचा फलक लागतो. यवतमाळभोवतीची वाघापूर, उमरसरा, लोहारा ही गावं बघता बघता शहराच्या पोटात गेली, ती अशीच. गावकरी जागे होतात ते बहुतेक वेळा कमान दिसल्यावर. तोवर कागद बराच पुढे गेलेला असतो. म्हणून रेघा दिसल्या त्याच आठवड्यात कामाला लागा.

आधी गट नंबर मिळवा. त्यावरून सातबारा आणि फेरफार काढा. जमीन अजून शेतीचीच आहे की एनए झाली, हे तिथे कळेल. मोठ्या वसाहतीला महारेराची नोंदणी घेतल्याशिवाय एक प्लॉटही विकता येत नाही, जाहिरातही करता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर लेआउट आणि जमिनीच्या मालकीचा अहवाल कुणालाही फुकट पाहता येतो. नोंदणीच नसेल, तर ती तुमची पहिली तक्रार.

बाकीचे कागद माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि साधा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. ‘मंजुरी का दिली?’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ‘गट क्रमांक अमुकच्या लेआउट मंजुरीची, नगररचना विभागाच्या अभिप्रायाची आणि पाणीपुरवठ्याच्या ना-हरकत पत्राची प्रत द्यावी,’ असं लिहा. उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील आणि मग राज्य माहिती आयोगाचं अमरावती खंडपीठ.

कागद येईपर्यंत शिवारात जा. माझ्या मते सगळ्या लढ्यात हेच काम सर्वात मोलाचं आहे आणि नेमकं हेच राहून जातं. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्या आणि गावातल्या दोन जुन्या माणसांना सोबत न्या. नाला कुठून येतो, पांदण कुठे जाते, पुरात पाणी कुठवर चढलं होतं, हे त्यांना विचारा. नाल्याकाठच्या बाभळीच्या बुंध्याला पुराचा काडीकचरा अडकून बसलेला असतो. तिथे टेप धरून जमिनीपासूनची उंची मोजा आणि टेपसकट फोटो काढा. मग तो नकाशा लेआउटशेजारी ठेवा. नाल्याच्या जागी नुसता सिमेंटचा पाइप दाखवलाय का? पांदण कंपाउंडच्या आत गेलीय का? २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर पुरात अडकलेल्यांसाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागलं होतं. पाण्याची वाट अडवणं ही आपल्या जिल्ह्यात किरकोळ गोष्ट नाही.

दुसरा हिशेब पिण्याच्या पाण्याचा. पाचशे घरं, घरटी पाच माणसं, शहरी निकषाप्रमाणे माणशी १३५ लिटर: रोजचं पाणी ३,३७,५०० लिटर. दहा हजार लिटरचे जवळपास ३४ टँकर, दररोज. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, तेव्हा यवतमाळकरांनी एका ड्रमासाठी रात्री जागून काढल्या. ही वसाहत जीवन प्राधिकरणाचं पाणी घेणार की बोअर मारून तुमच्या विहिरींचं ओढणार, हे लेखी विचारा. ‘आम्हाला घरं नकोत’ या वाक्याला कार्यालयात वजन नाही. ‘हे ३,३७,५०० लिटर कुठून आणणार?’ याला आहे.

हरकत केव्हा घ्यायची, हे नीट समजून घ्या. लेआउटला मंजुरी देताना गावाला कुणी विचारत नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात लोकांना विचारण्याची जागा त्याच्या आधी आहे. प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की कलम २६ प्रमाणे तीस दिवस मिळतात, आणि शेती विभाग बदलून रहिवासी करायचा असेल तर कलम ३७ प्रमाणे एक महिना. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, म्हणून गावातल्या एकाने रोज जाहीर नोटिसांचं पान वाचायचं काम घ्यावं. प्रत्येकाने आपली हरकत वेगळी द्यावी: माझी विहीर, माझा धुरा, माझी वाट. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

बांधकाम वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. मात्र २००६ च्या अधिसूचनेत गृहप्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलं आहे. म्हणून या मंजुरीच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर स्वतः नजर ठेवावी लागते. मंजुरीविरुद्ध पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जायला तीस दिवस असतात. सबळ कारण असेल तरच आणखी साठ.

ग्रामसभेचा ठराव जरूर घ्या, पण त्याने काम आपोआप थांबतं असं समजू नका. जमीन आदिवासीची असेल तर गोष्ट वेगळी. केळापूर, झरी-जामणी, मारेगावकडे हे आधी तपासा. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे सरकारी परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीकडे जाऊच शकत नाही.

असं काम आधी इतरांनी केलंय. गोव्यात २००६ चा प्रादेशिक आराखडा लोकांनी नकाशे गावोगावी नेऊन वाचला, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने टँकरने उपसल्या जाणाऱ्या विहिरींचा प्रश्न धरून ठेवला.

एक कळकळीची विनंती. ज्याने जमीन विकली तो तुमचाच भाऊ आहे. कर्ज, मुलीचं लग्न, सलग दोन वर्षं बुडालेली कपाशी, काय कारण असेल ते त्यालाच ठाऊक. त्याच्या दारात घोषणा देऊ नका. पोरांना जेसीबीपुढे उभं करू नका, गुन्हे त्यांच्या नावावर लागतात. बिल्डरशी बोलणी करायचीच तर चावडीवर सगळ्यांसमोर करा.

आणि मृग लागला की बांधावर पुन्हा जा. परवानगीशिवाय टाकलेल्या भरावामुळे पाणी तुमच्या शेतात तुंबलं किंवा पांदण बंद झाली, तर त्याच दिवशी तारखेसह फोटो घ्या आणि तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली दावा लावा. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत.