गाडी ठोकायचीच असेल तर आधी हा हिशेब वाचा

जुनी मारुती 800 डेमोलिशन डर्बीसाठी तयार करून एका दुपारी ठोकायची, तर सत्तर हजार रुपये हाताशी ठेवा. त्यातले तेरा-चौदा हजार भंगारातून परत येतात. अमेरिकेत गावोगावच्या जत्रांमध्ये हा खेळ भरतो. रिंगणात गाड्या एकमेकींवर आदळतात आणि शेवटपर्यंत जी हलत राहते ती जिंकते. आपल्याकडे ती परंपरा नाही. पण चाकणजवळच्या नाणेकरवाडी-खराबवाडीच्या शेडमध्ये वेल्डिंग करणाऱ्या पोरांच्या हातात कसब आहे आणि हौसही आहे. पैसा नेमका कुठे जातो, हे त्यांना आधी कळायला हवं.

चालू अवस्थेतली, पासिंग संपत आलेली 800 चाळीस हजारांना धरा. भाव गाडीगणिक बदलतो. बंद गाडी स्वस्त पडते, पण इंजिनकामात तो फायदा जिरतो. सीएनजी किंवा एलपीजीची गाडी घेऊच नका.

चालकाभोवतीच्या पिंजऱ्यासाठी 38 मिलिमीटर व्यासाचा, 3 मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला 2.6 किलो भरतो. वीस मीटर लागले तर 52 किलो, आणि किलोला ऐंशी रुपये धरले तर चार हजारांच्या थोडं वर. कापणं, वाकवणं, वेल्डिंग यांना सहा हजार. चार पट्ट्यांचा बेल्ट पाच हजार, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट दोन हजार, अग्निशामक दीड हजार. टाकी आणि बॅटरी हलवण्याच्या कामाला तीन हजार. क्रेनवरून नेण्या-आणण्याला सहा हजार, कारण अशी गाडी रस्त्यावर चालवायचीच नाही. मैदानाचं भाडं आणि रुग्णवाहिका आयोजकाच्या खात्यात. रुग्णवाहिका उभी नसेल तर गाडी क्रेनवरून उतरवू नका.

काटकसर कुठेही करा, पेट्रोलच्या टाकीत करू नका. 800 ची मूळ टाकी मागे, खालच्या बाजूला असते आणि डर्बीतले जाणते चालक रेडिएटर वाचवायला मागच्या अंगानेच टक्कर देतात. म्हणजे सगळा मार टाकीवर. ती काढून पाच लिटरची छोटी धातूची टाकी मागच्या सीटच्या जागी, मजबूत चौकटीत बसवा. बॅटरी डाव्या सीटच्या पायाशी पट्टीने आवळा आणि करंट तोडणारा खटका बाहेरून हात पोचेल असा ठेवा. सगळ्या काचा आणि दिवे काढून टाका, फोडून आत ठेवू नका. दारं वेल्ड करा. चालकाचं दार वेगळ्या रंगात रंगवा. त्या दारावर टक्कर द्यायची नाही, हा तिकडचा नियम इथेही कडक पाळा. रेडिएटरमध्ये कूलंट नको, साधं पाणी भरा. मैदानातला थेंब शेवटी ओढ्यात आणि इंद्रायणीत उतरतो.

आता कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावली, तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे ती जागा कायद्याने सार्वजनिक, मग तो रस्ता असो वा जत्रेचं मैदान. खेड तालुक्यात बैलगाडा शर्यती भरवणाऱ्या मंडळींना परवानगीची पायपीट ठाऊक आहे, त्यांना विचारा. विम्याचा भरवसा धरू नका. नेहमीच्या मोटार पॉलिसीत आयोजित शर्यत वगळलेली असते. कुणाचा पाय मोडला तर खर्च तुमचा.

गाडी विकत घेतली की ती आधी तुमच्या नावावर करून घ्या. ठोकून झाल्यावर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, ठेव प्रमाणपत्र घ्या आणि मोशीच्या आरटीओत एमएच-14 ची नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. गाडी कायमची निकामी झाली की 14 दिवसांत कळवण्याची जबाबदारी मालकाची असते. 800 चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. आतला पसारा काढल्यावर साडेपाचशे धरा. किलोला पंचवीस रुपये मिळाले तर 13,750. कोपऱ्यावरचा भंगारवाला चार पैसे जास्त देईल, पण प्रमाणपत्र देणार नाही. ते असेल तर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं आणि करात सवलत मिळते. शिवाय नंबर जिवंत राहिलेली गाडी दुसऱ्याच्या हातात गुन्ह्यात वापरली गेली, तर पोलीस तुमच्या दारात येतील. भंगारबाजाराच्या कुदळवाडीतली हजारो शेड फेब्रुवारी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडली. आज तिथे गाडी दिली तर उद्या दुकान सापडेलच असं नाही.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी असाल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: डर्बी सोडा, बाहा एसएईइंडियाच्या संघात शिरा. 2007 पासून चालणाऱ्या या स्पर्धेत विद्यार्थी स्वतः बांधलेली बग्गी खडबडीत मार्गावर चार तास पळवतात. पिंजऱ्याच्या पाइपची जाडीसुद्धा नियमाने ठरलेली असते, तपासनीस ती मोजतात आणि खर्च संघ व प्रायोजक मिळून उचलतात. बाकीच्यांनी बंदिस्त खाजगी जागा, लेखी परवानगी आणि रुग्णवाहिका या तिन्हींची सोय झाल्याशिवाय गाडीचा इसार देऊ नये.