एक युरोची कंपनी आणि राहण्याचा परवाना

जर्मनीत एक युरो भांडवलावर कंपनी काढता येते, ही माहिती खरी आहे. २००८ साली तिथल्या कंपनी कायद्यात बदल झाला आणि उंटरनेमरगेझेलशाफ्ट, म्हणजे सगळे ज्याला 'यूजी' म्हणतात तो प्रकार आला. मास्टर्ससाठी गेलेली मुलं दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरला याबद्दलचा एखादा व्हिडिओ पाहतात आणि घरी फोन करतात, "बाबा, नोकरी कशाला शोधत बसू? स्वतःचीच कंपनी काढतो, व्हिसाही त्यावरच मिळेल." इकडे फ्लॅट गहाण टाकून शैक्षणिक कर्ज काढलेल्या बाबांची झोप उडते. बाबांना वाटतं, पोरगं वाया गेलं. तसं काही नाही. कंपनी काढण्याची कल्पना चांगली असू शकते, चूक आहे ती 'व्हिसाही त्यावरच मिळेल' या शेवटच्या तीन शब्दांत.

कंपनीची नोंद आणि त्या देशात राहून ती चालवण्याची परवानगी या दोन निरनिराळ्या खात्यांच्या गोष्टी आहेत. कंपनीची नोंद स्थानिक न्यायालयाच्या व्यापार नोंदवहीत होते. तिथला अधिकारी तुमचा व्हिसा बघत नाही. किंबहुना पुण्यात बसूनही जर्मन कंपनीचा मालक होता येतं, संचालकही होता येतं. कंपनीला जर्मनीतला पत्ता असला की झालं. पण राहण्याचा परवाना देतं परदेशी नागरिकांचं कार्यालय, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डे, आणि त्यांच्यावर नोंदवहीतल्या उताऱ्याची फारशी छाप पडत नाही. एस्टोनियाच्या ई-रेसिडेन्सीबद्दलही हाच घोळ होतो. २०१४ पासून एस्टोनिया जगातल्या कुणालाही डिजिटल ओळखपत्र देतं, त्यावर घरबसल्या कंपनी काढता येते, पण त्या कार्डावर टाल्लिनमध्ये राहण्याचा हक्क मिळत नाही. नावात 'रेसिडेन्सी' असल्यामुळे अनेक पालक फसतात, आणि काही एजंट त्यांना फसू देतात.

तर आधी माणसाचे कागद, मग कंपनीचे. जर्मनीच्या निवास कायद्याचं २१वं कलम स्वयंरोजगाराचं आहे आणि विद्यार्थ्यांनी ते तोंडपाठ करावं इतकं महत्त्वाचं आहे. भारतातून थेट उद्योजक म्हणून जाणाऱ्याला तीन गोष्टी पटवून द्याव्या लागतात: या धंद्यात देशाचं आर्थिक हित किंवा त्या भागाची गरज आहे, अर्थव्यवस्थेवर त्याचा चांगला परिणाम होईल, आणि पैशाची सोय पक्की आहे. वय ४५च्या पुढे असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. पूर्वी अडीच लाख युरो गुंतवणूक आणि पाच नोकऱ्या असा ठोकताळा होता. तो २०१२ मध्ये काढून टाकला, तरी जुन्या पुस्तिकांमधून अजून फिरतोच. ठोकताळा गेला म्हणून काम सोपं झालं असं मात्र नाही. आता अधिकारी व्यवसायाचा आराखडा खरोखर वाचतात आणि स्थानिक उद्योग मंडळाचं मत मागवतात.

ज्याने जर्मन विद्यापीठातून पदवी घेतली त्याच्यासाठी याच कलमात वेगळी वाट आहे. आर्थिक हित, प्रादेशिक गरज वगैरे त्याला सिद्ध करावं लागत नाही. धंद्याचा त्याच्या शिक्षणाशी संबंध हवा आणि पोट भरण्याची सोय दिसली पाहिजे. वेल्डिंगच्या तपासणीचं सॉफ्टवेअर करणारी मेकॅनिकल इंजिनिअर यात सहज बसते. तिनेच उद्या वडापावची गाडी टाकायची ठरवली, तर ही वाट तिच्या कामाची नाही. परवाना सुरुवातीला जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. धंदा चालला आणि घर चालेल एवढी कमाई दिसली, तर तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो.

शिकत असताना काय? विद्यार्थ्याच्या परवान्यावर वर्षाला १४० पूर्ण दिवस नोकरी करता येते. ही सवलत नोकरीपुरती आहे. कंपनीत नुसते पैसे घालून भागीदार होणं वेगळं आणि संचालक होऊन ती चालवणं वेगळं. दुसऱ्याला स्वयंरोजगार म्हणतात आणि त्यासाठी आउसलेंडरबेहोर्डेची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. 'मित्राने तशीच सुरू केली' हा सल्ला पुढे परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी महागात पडतो. आरोग्य विम्याचंही तसंच. विद्यार्थ्यांचा स्वस्त विमा साधारण तिशीपर्यंत मिळतो, पण धंदा हेच मुख्य काम झालं असं विमा कंपनीला वाटलं, तर ती सवलत जाते आणि हप्ता एकदम चढतो. याचा हिशेब मुलं सहसा धरत नाहीत.

आता प्रत्यक्ष कंपनी कशी निघते ते पाहू. नोटरी म्हटलं की आपल्याला कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले आणि बघता बघता शिक्का मारून देणारे काका आठवतात. जर्मन नोटार हा प्रकार वेगळाच आहे. कायद्याचं पूर्ण शिक्षण घेतलेला, कोणाचीच बाजू न घेणारा हा अधिकारी कंपनीचा करारनामा तुमच्यासमोर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचतो. तसं वाचणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. कलमं, पोटकलमं, कोणाचे किती हिस्से, संचालक एकटा सही करू शकतो की नाही, सगळं वाचतो, तेही बऱ्याचदा गाडी सुटायला आल्यासारखं भरभर. मध्येच थांबवून विचारायचा तुम्हाला हक्क असतो आणि तो वापरावा. तुम्हाला जर्मन पुरेसं येत नाही असं लक्षात आलं, तर दुभाष्या लागतो आणि त्याचा खर्च तुमचाच. ज्या मुलाचं जर्मन ए-वनला, म्हणजे अगदी पहिल्या पातळीला, थांबलं आहे त्याने या खोलीत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फी सरकारी कोष्टकाप्रमाणे असते, तिथे घासाघीस चालत नाही.

भागीदार तीनपेक्षा जास्त नसतील आणि संचालक एकच असेल, तर कायद्यातच दिलेला तयार नमुना वापरता येतो. मग यूजीचा नोटरी आणि नोंदणीचा खर्च काही शे युरोंत आटोपतो. पण या नमुन्यात भागीदारांचं पुढे पटलं नाही तर काय, याबद्दल चकार शब्द नसतो. वर्गमित्राबरोबर कंपनी काढणाऱ्यांनी इथे पैसे वाचवू नयेत.

सही झाली की कंपनी 'स्थापना होत असलेली' या अवस्थेत जाते. त्या नावाने बँकेत खातं उघडायचं, भांडवल भरायचं, भरल्याचा पुरावा नोटारकडे द्यायचा, आणि तो न्यायालयाकडे नोंदणीचा अर्ज पाठवतो. परदेशी पासपोर्टवर बँक खातं उघडणं हा यातला सगळ्यात चिवट टप्पा असतो. नोंद होईपर्यंत कंपनीच्या नावाने जो व्यवहार करतो तो स्वतः जबाबदार धरला जाऊ शकतो, त्यामुळे या आठवड्यांत उत्साहाच्या भरात ऑफिसचा भाडेकरार करू नये. पुढे व्यवसाय कार्यालयात नोंद, कर कार्यालयाचा लांबलचक ऑनलाइन फॉर्म आणि उद्योग मंडळाचं सक्तीचं सभासदत्व हे ओघाने येतं.

आणि नोंद जाहीर झाली की पेटीत पत्रं येऊ लागतात. वर गरुडासारखं चिन्ह, करड्या रंगाचा कागद, नोंदणी क्रमांक अचूक, खाली काही शे युरोंचा आकडा आणि खात्याचा नंबर. सरकारी बिलासारखं दिसणारं हे पत्र खासगी कंपनीचं असतं. बारीक अक्षरांत ते 'आमच्या यादीत नाव घालण्याचा प्रस्ताव' असतं. नवखा माणूस पैसे भरून मोकळा होतो. नोंदणीची खरी फी किती आणि कुणाकडून मागितली जाईल, हे नोटारलाच आधी विचारून ठेवावं.

एक युरोचं काय ते बोलू. एक युरो भांडवलाची कंपनी नोटरीचं पहिलं बिल आलं की कायद्याच्या दृष्टीने कर्जात बुडालेली असते. शहाणी मुलं यूजीतही निदान काही हजार युरो घालतात. यूजीला दरवर्षी नफ्याचा चौथा हिस्सा बाजूला ठेवावा लागतो, २५,००० युरो जमेपर्यंत. तेवढं झालं की तिची जीएमबीएच, म्हणजे तिथली नेहमीची मर्यादित जबाबदारीची कंपनी, करता येते. थेट जीएमबीएच काढायची तर भांडवल २५,००० युरो, त्यातले निम्मे नोंदणीपूर्वी भरायचे. जर्मनीतला मोठा ग्राहक आणि जागामालक नावापुढे काय लिहिलंय ते बघतो, हेही खरं. खर्चाचा मोठा आकडा पुढेच आहे: कंपनी कितीही लहान असली तरी दुहेरी नोंदीचे हिशेब आणि ताळेबंद सक्तीचा, आणि करसल्लागाराचे वर्षाला हजार-दोन हजार युरो सहज जातात, एक रुपयाचा धंदा झाला नाही तरी. नफा झालाच तर कंपनी कर, त्यावरचा अधिभार आणि गावोगाव वेगळा असणारा व्यवसाय कर मिळून साधारण ३० टक्के. म्युनिकमध्ये बर्लिनपेक्षा जास्त.

एकट्याने सल्लागाराचं काम करायचं असेल तर मुळात कंपनी लागतेच असं नाही. इंजिनिअर, आर्किटेक्ट, अनुवादक, पत्रकार असे पेशे जर्मनीत मुक्त व्यवसाय धरले जातात. त्यांना व्यवसाय कर नाही, व्यवसाय कार्यालयात नोंद नाही, ताळेबंदही नाही. त्यांच्या परवान्याची तरतूद त्याच २१व्या कलमात आहे. 'फाउंडर' हे बिरुद मिळत नाही एवढंच.

पालकांनी ज्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी करायला हवी तिच्याबद्दल ते क्वचितच विचारतात. 'मर्यादित जबाबदारी' भागीदाराची असते. संचालकाच्या डोक्यावर वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत आणि लहान कंपनीत दोन्ही एकच माणूस असतो. पैसे संपले, देणी देता येत नाहीत अशी स्थिती आली की जास्तीत जास्त तीन आठवड्यांत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागतो; टाळाटाळ केली तर तो फौजदारी गुन्हा आहे. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला सामाजिक विम्याचा हिस्सा भरला नाही, तर तोही फौजदारी गुन्हा. आपल्याकडे 'पुढच्या महिन्यात भरू' म्हणत पीएफ रखडवणारे कारखानदार असतात. ती सवय तिकडे नेऊ नये. नीट चालू असलेली कंपनी बंद करायची म्हटलं तरी धनकोंना जाहीर आवाहन करून वर्षभर थांबावं लागतं.

मग मुलाने काय करावं? माझा कल धीम्या वाटेकडे आहे. जर्मन पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. त्यात शिक्षणाशी जुळणारी नोकरी धरली, तर दोन वर्षं काम, तेवढ्या काळाचे पेन्शनचे हप्ते आणि बी-वन पातळीचं जर्मन एवढ्या भांडवलावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तो परवाना हाती आला की धंदा करायला आउसलेंडरबेहोर्डेची वेगळी परवानगी लागत नाही. शिवाय त्या दोन वर्षांत तिथला ग्राहक ऑर्डर कशी देतो, बिल कधी फेडतो हे पगार घेत शिकता येतं. नोकरी करता करता बाजूला छोटा धंदा करायची मुभाही मागता येते, मात्र मागून घ्यावी लागते.

ज्याच्या हातात खरोखर नवं तंत्रज्ञान आहे त्याने थांबू नये. त्याच्यासाठी 'एक्झिस्ट' ही केंद्र सरकारची स्थापना-शिष्यवृत्ती आहे. अर्ज विद्यापीठामार्फत होतो आणि पदवीधराला वर्षभर महिना २,५०० युरो मिळतात. २०२४ पासून अशा शिष्यवृत्तीधारकासाठी निवास कायद्यात वेगळी तरतूदही आहे. बहुतेक विद्यापीठांत उद्योजकता केंद्र असतं. पहिल्या वर्षीच तिथे तोंडओळख करून ठेवावी. उद्योग मंडळाचा पहिला सल्लाही बहुधा फुकट असतो आणि एजंटच्या पॅकेजपेक्षा तो सरस असतो.

राहिला पैसा. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवलेले ११,९०४ युरो भांडवल म्हणून डोळ्यांसमोर धरू नका. ते महिन्याला ९९२ याप्रमाणेच सुटतात आणि ते भाड्या-जेवणाचे आहेत. भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. शिक्षण-उपचाराखेरीज कारणासाठी १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते, जो विवरणपत्रात वळता होतो. बाबा स्वतः भागीदार झाले, तर प्रकरण रिझर्व्ह बँकेच्या परदेशी गुंतवणूक नियमांत जातं: बँकेमार्फत फॉर्म, साधारणपणे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामगिरीचा अहवाल, आणि प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची नोंद. सहीही पुण्यातल्या नोटरीपुढे चालत नाही. भारतीय अपोस्टिल जर्मनी मानत नाही, त्यामुळे मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाची वेळ घ्यावी लागते. त्यापेक्षा मुलाला पैसे भेट म्हणून द्या आणि भागीदार त्यालाच राहू द्या. आणि द्यायचेच तर आधी घरभाडं आणि आरोग्य विम्याचे वर्षभराचे द्या, कारण आउसलेंडरबेहोर्डेचा अधिकारी व्यवसायाच्या आराखड्याआधी तेच विचारतो.