रिकव्हरी ड्राइव्ह भरली, आता?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपची ‘रिकव्हरी (डी)’ ड्राइव्ह लाल दिसते, जागा संपल्याची सूचना सतत येते. तिथल्या फाइल्स उडवू का?

उत्तर : सरसकट नको! विंडोज कोलमडली तर लॅपटॉप मूळ स्थितीत आणणारी कंपनीची सामग्री तिथेच असते. ही ड्राइव्ह मुळातच जवळपास भरलेली येते. त्यात विंडोजचा बॅकअप चुकून तिकडे वळवला की तुडुंब. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘बॅकअप अँड रिस्टोअर’मध्ये ठिकाण बदलून एक्स्टर्नल हार्ड डिस्क निवडा. नवा बॅकअप पूर्ण झाल्यावरच डीमधलं तुमच्या कॉम्प्युटरच्या नावाचं फोल्डर तेवढं काढा. नाहीतरी लॅपटॉपच्याच डिस्कवरचा बॅकअप डिस्क बिघडली की तिच्याबरोबरच जातो. शिवाय डीसुद्धा गेली तर हाताशी असावी म्हणून ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर वेगळी ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ बनवा. पेनड्राइव्हवर लग्नाचे फोटो वगैरे असतील तर आधी हलवा, सगळं पुसलं जातं.