मुळा-मुठेतील महासीर

पुण्याच्या बुधवार पेठेतून उत्तरेस निघालेला मनुष्य शनिवारवाड्यावरून पुढे गेला, की थोड्याच वेळात शिवाजी पुलावर येऊन पोहोचतो. जुने पुणेकर या पुलास अजूनही ‘नवा पूल’ म्हणतात! खालून मुठा नदी वाहते. पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडले म्हणजे तिचे रूप पाहण्यासाठी पुलावर गर्दी लोटते. एरवी मात्र पुष्कळ लोक नाकाला रुमाल लावूनच पूल ओलांडतात. पुण्याच्या या नदीने एका नामांकित माशाला प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत स्थान मिळवून दिले आहे, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

हा मासा म्हणजे महासीर. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम साइक्स नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी दख्खनच्या पाहणीच्या कामावर होता. मुलखाची माहिती गोळा करता करता त्याने येथील पक्षी व मासे यांचाही बारकाईने अभ्यास केला. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत आढळलेल्या महासीराचे वर्णन त्याने १८३९ साली प्रसिद्ध केले आणि त्यास ‘खुद्री’ असे नाव दिले. आजही शास्त्रज्ञ दख्खनच्या महासीराला ‘टॉर खुद्री’ याच नावाने ओळखतात.

महासीर हा रोहू-कटला यांच्या कुळातला. परंतु त्याचे बळ काही निराळेच. युरोपात गळ टाकून बसणाऱ्या शौकिनांना सामन आणि ट्राउट या माशांचे जेवढे वेड, तेवढेच भारतात महासीराचे. गळाला लागलेला महासीर सहजासहजी हाती येत नाही. खरे शौकीन तर त्याला पकडल्यावर अलगद गळ काढून पुन्हा पाण्यात सोडून देतात.

या माशाला वाहते व निर्मळ पाणी लागते. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतो आणि गोट्यांच्या व वाळूच्या तळावर अंडी घालतो. वाटेत धरणाची भिंत आली, की त्याचा मार्ग खुंटतो. तळाची वाळू उपसून नेली, तर अंड्यांना जागा उरत नाही. पण सर्वांत मोठे संकट याहून निराळे आहे. पेठेतल्या एखाद्या घरच्या मोरीतून गेलेले पाणी गटारात जाते आणि शुद्ध न होताच पुढे गेले, तर अखेर नदीला मिळते. त्यातील घाण कुजविणारे सूक्ष्म जीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. मासा याच प्राणवायूवर जगतो. तो संपला, म्हणजे कोणी गळ टाकला नाही, जाळे लावले नाही, तरी मासा गुदमरून मरतो.

रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे नदीच्या डोहात महासीर सुखाने राहतात. काठी देवीचे स्थान आहे. गावकरी हे मासे देवीचे मानतात, म्हणून तेथे कोणी मासेमारी करीत नाही. इंद्रायणीच्या काठी देहू येथेही भाविकांनी डोहातील मासे असेच जपले. तरी तेथे मासे मरून पाण्यावर तरंगल्याच्या घटना घडल्या आहेत. गळ काठावर अडविता आला, पण वरून वाहत येणारे दूषित पाणी भाविकांना कसे अडविता येणार?

मासे वाढविण्याचाही प्रयत्न झाला. लोणावळ्यास टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० नंतरच्या दशकांत महासीराची पिल्ले वाढविण्यात आली व दूरदूरच्या नद्यांत सोडण्यात आली. हेतू चांगला होता आणि श्रमही मोठे होते. परंतु कावेरी नदीत निळसर पराचा हा दख्खनी पाहुणा फोफावला आणि तेथील मूळचा, पाठीवर कुबड असलेला महासीर मागे पडत गेला. २०१८ साली त्या कुबड्या महासीराची गणना जगातील अतिसंकटग्रस्त जातींत झाली. एका नदीचे भूषण दुसऱ्या नदीत नेले, की ते तेथे भूषणच ठरेल असे नाही.

मुठेची गोष्ट वेगळी. दख्खनी महासीर या खोऱ्याचाच रहिवासी आहे. त्याची पिल्ले आणून शिवाजी पुलाखाली सोडणे हे एका सकाळचे काम होईल. पण त्या पाण्यात ती दुसरी सकाळ पाहतील, असे आज म्हणता येत नाही. त्यासाठी शहराचे सांडपाणी नदीत पडण्यापूर्वी शुद्ध व्हावे लागेल, आणि उन्हाळ्यातही धरणातून नदीसाठी थोडे पाणी वाहते ठेवावे लागेल.